देणे कुणाचे, फेडले कुणाला?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर जी वही पुजली जाते, तिच्याविषयी मला लहानपणापासून कुतूहल वाटत आले आहे. लाह्या-बत्तासे, झेंडूची तोरणे आणि पणत्या घरोघर असतातच. पण व्यापारी मनुष्य त्या दिवशी हिशेबाच्या वहीला हळदकुंकू वाहतो, तिच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढतो आणि तिच्यापुढे हात जोडतो, यात काही निराळेच आहे. देवापुढे उभे राहिल्यावर आपण बहुधा आपलीच बाजू मांडत असतो. वहीपुढे ती सोय नाही. तिच्यात जमा आहे तसे नावेही आहे, आणि दोहोंची तोंडमिळवणी झाल्याशिवाय ती मिटत नाही.

आपल्या नीतीची भाषा बरीचशी या वहीतूनच आलेली आहे. आपण उपकार फेडतो, ऋणातून उतराई होतो, पुण्य गाठी बांधतो. एखादा मोठा मनुष्य वारला की चार माणसे ओट्यावर बसून त्याच्या आयुष्याचा हिशेब मांडतात. “माणूस कडक होता, कुळांना फार छळले, पण शाळेला जागा दिली हो!” असे कोणी म्हणतो, आणि बाकीचे माना डोलावतात. शाळेची जागा जमेला पडली, छळ नावे पडला, वजाबाकी झाली, बाकी बरी निघाली. मग कोणी चहा मागवतो.

ही वजाबाकी खरोखर होते काय? एकाचे केलेले भले दुसऱ्याच्या केलेल्या वाइटातून वजा करता येते काय? प्रश्न जुना आहे. पण तो माझ्यापुढे ठाण मांडून बसला तो मुंबईतल्या एका जुन्या दगडी पुलामुळे.

मुंबई हे बेट आहे, हे मुंबईकर आता विसरून गेले आहेत. मुळात ती सात बेटे. भर घालून, बांध घालून ती एक केली गेली. तरी उत्तरेला साष्टी बेट आणि मुंबई यांच्यामध्ये खाडी राहिलीच. शीवेच्या बाजूने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच एक बांध झाला होता. पश्चिमेला मात्र माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये होडीवाचून गत्यंतर नव्हते. भाजीवाल्या, कोळणी, कामकरी, लग्नाची वऱ्हाडे, आजारी माणसे, सर्वांनाच नावेतून पलीकडे जावे लागे. भरतीचे पाणी, पावसाळ्याचा वारा आणि खाली चिखल अशा त्या जागी होड्या उलटत आणि माणसे जात. कंपनी सरकारकडे पुलाची मागणी होती, परंतु खर्च करायला सरकार राजी नव्हते. तेव्हा जमशेटजी जिजीभाईंच्या पत्नी आवाबाई पुढे आल्या आणि त्यांनी आपल्या पैशांतून पूल बांधवला. त्यांनी दिलेली रक्कम 1,57,000 रुपये असल्याचे सांगतात. 1845 साली पूल वाहतुकीला खुला झाला.

या देणगीला आवाबाईंनी एक अट घातली होती: पुलावरून जाणाऱ्या कोणाकडूनही सरकारने टोल घेऊ नये.

ही अट मला फार मोलाची वाटते. देणगीच्या अटी आपल्या ओळखीच्या असतात. नाव ठळक अक्षरांत कोरावे, अमुक जातीच्याच मुलांना शिष्यवृत्ती द्यावी, वर्षातून एकदा आमच्या वडिलांची पुण्यतिथी करावी. दाता देऊन टाकतो, पण दोरीचे टोक हातात ठेवतो. आवाबाईंची अट उलट दिशेची आहे. तिने बांधला जातो तो सरकारचा हात. जाणारा मोकळाच राहतो. ज्याच्या खिशात दमडी नाही तोही पलीकडे जाईल, आणि ‘तू कोण, कुठला’ असे कोणी विचारणार नाही.

मी तो पूल पायी ओलांडला आहे. माहीमच्या बाजूने ज्या रस्त्याने जावे लागते त्याला अजून लेडी जमशेटजींचेच नाव आहे. मखदूम अली माहीमी यांचा दर्गा आणि सेंट मायकेलचे देऊळ ही दोन्ही या वाटेच्या आसपासच आहेत. बुधवारी देवळाशी नोव्हेनासाठी येणाऱ्यांची गर्दी असते आणि त्या गर्दीत सगळ्या धर्मांची माणसे असतात. पुढे खाडी लागते. मोटारी आणि बसगाड्या यांचा असा लोंढा असतो की आपण पुलावर आहोत याची खूणच पटत नाही. कठड्याशी थांबून वाकून पाहिले तेव्हाच पाणी दिसले. मिठी नदी मुंबईची सारी घाण घेऊन तिथे समुद्राला मिळते. पाणी काळे, वास उग्र. तरी कोळ्यांच्या होड्या नांगरलेल्या. दूर समुद्रात 2009 साली झालेला वांद्रे-वरळीचा सागरी सेतू तारांच्या पंख्यासारखा दिसत होता. त्या सेतूवर टोल आहे, आणि पायी चालणाऱ्याला तिथे मज्जाव आहे. या जुन्या वाटेवर मात्र माझ्यापुढून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन चालली होती. पूल कोणी बांधला हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. पुलाचे काम नीट चालले असले की बांधणाऱ्याचे नाव पुसले जाते, आणि मला वाटते आवाबाईंची अट खऱ्या अर्थाने पाळली जाते ती तिथे.

इथवर सारे गोड आहे. आता नावेची बाजू पाहू.

जमशेटजी 1783 साली जन्मले. पोरवयातच आईबाप गेले, आणि हा मुलगा स्वतःच्या हिमतीवर व्यापारात शिरून चीनच्या सफरी करू लागला. 1805 साली अशाच एका सफरीत त्यांचे ‘ब्रन्सविक’ जहाज फ्रेंचांनी पकडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण शल्यवैद्य होता. दोघांची ओळख झाली, आणि पुढे त्या ओळखीची फार मोठी भागीदारी झाली. व्यापार होता कापसाचा आणि अफूचा. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि मुंबईच्या पेढ्यांवर चांदीचा पाऊस पडे. जे. जे. रुग्णालय, कलाशाळा, पुण्याला पाणी मिळावे म्हणून मुळा-मुठेवर घातलेला बांध, ज्यावरून बंड गार्डनला नाव मिळाले, ही सारी जमशेटजींच्या दानशूरपणाची कामे त्याच ओघातली. माहीमचा पूलही त्याच तिजोरीतला.

‘त्या काळी अफूचा व्यापार कायदेशीर होता’ असे म्हणून हात झटकता येतील. आपल्याकडे तो कायदेशीर होता हे खरे. बंगालमध्ये खुद्द कंपनीच अफूची मक्तेदार होती आणि माळव्याच्या अफूवर ती परवान्याचे पैसे घेत होती. परंतु चीनच्या बादशहाने या मालाला बंदी घातलेली होती, आणि ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. 1839 साली लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने 20,000हून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. तुमच्या देशात जे विष म्हणून ओळखले जाते ते आमच्या देशात का पाठवता, अशा आशयाचे पत्र त्याने व्हिक्टोरिया राणीला लिहिले. उत्तरादाखल युद्ध झाले. 1842 साली चीनला नानकिंगचा तह पत्करावा लागला, आणि त्याच 1842 साली जमशेटजींना ‘सर’ हा किताब मिळाला. एका हिंदी माणसाला हा मान प्रथमच मिळत होता. त्यानंतर तीन वर्षांनी माहीमचा पूल खुला झाला.

आता काय म्हणावे? दोन उत्तरे हाताशी तयार असतात. एक व्यवहारी माणसाचे: पैशाला का वास असतो? बुडणारी माणसे वाचली, रुग्णालय उभे राहिले. जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार? दुसरे कडक माणसाचे: हा पूल विषाच्या पैशाचा. त्याचे कौतुक पुरे, नावाची पाटी उतरवा.

ही उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. पण नीट पाहिले तर दोघांनी मांडलेले गणित एकच आहे. एकाने पुलातून अफू वजा केली आणि बाकी शुभ काढली. दुसऱ्याने अफूतून पूल वजा केला आणि बाकी अशुभ काढली. शेवटी एकच आकडा हाती यावा, ही दोघांचीही घाई आहे.

माझ्या मते ही वजाबाकी मुळातच होत नाही. वजाबाकीला दोन्ही आकडे एकाच खात्यातले लागतात. मी आज उपाशी राहिलो आणि वाचलेल्या पैशांतून उद्या औषध आणले, तर भूकही माझीच आणि आरामही माझाच. तिथे तोटा आणि लाभ एकमेकांसमोर ठेवता येतात. पण क्वांगतुंगमधला जो बाप अफूच्या पायी घरदार विकून बसला, त्याच्या मुलांना माहीमच्या खाडीवर पूल झाल्याने काय मिळाले? आणि वांद्र्याहून येणाऱ्या ज्या कोळणीचा जीव पुलामुळे वाचला, तिच्या वाचण्यात त्या मुलांच्या उपासमारीमुळे काही उणे आले काय? कोळण वाचली ती पुरी वाचली. मुले देशोधडीला लागली ती पुरी लागली. पुलाचे पुण्य अफूच्या पापाने बाटत नाही, आणि अफूचे पाप पुलाने धुतले जात नाही. दोन्ही आपापल्या जागी अखंड उभी आहेत.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट चांगली समजलेली होती असे दिसते. मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मतो असे त्यांनी सांगितले: देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. देवांचे यज्ञाने फेडायचे, ऋषींचे अध्ययनाने, पितरांचे संततीने. त्यातला यज्ञ आज कोणी करो न करो, त्यामागची समजूत मोठी आहे. प्रत्येक ऋणाला धनी आहे आणि प्रत्येकाची फेड वेगळी आहे. भरपूर यज्ञ केले म्हणून ऋषींचे ऋण माफ होत नाही.

पेढीवरच्या मुनिमालाही हे पक्के ठाऊक असते. वहीवर मघाशी जो आरोप केल्यासारखे झाले तो मागे घ्यायला हवा, कारण दोष वहीचा नाही. खतावणीत प्रत्येक असामीचे खाते निराळे असते. रामाचे देणे गोविंदाच्या खात्यात भरून कोणी मुनीम ‘फिटले’ असे लिहीत नाही. लिहील तर त्याची नोकरी जाईल. आपण मात्र नीतीच्या हिशेबात खतावणी उघडतच नाही. शेवटच्या पानावरची बेरीज पाहतो आणि वही मिटतो.

हे सारे चीनचे आणि दोनशे वर्षांपूर्वीचे म्हणून बाजूला ठेवता आले असते. मला ते ठेवता येत नाही, कारण मी तळेघरचा. घोडेगावाहून भीमाशंकराला जाणाऱ्या वाटेवर आंबेगाव तालुक्यातले हे डोंगरातले गाव. भात, नाचणी, रानातला हिरडा यांवर जगणारा हा मुलूख. मुंबईशी आमची जुनी सोयरीक आहे. 1890 सालापासून मुंबईत जे डबेवाले धावत आहेत त्यांतले बहुतेक खेड, आंबेगाव, जुन्नर आणि मावळ या भागांतले. माहीमची खाडी ते रोज लोकलच्या पुलावरून ओलांडतात. याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचे बाबू गेनू मुंबईत गिरणीकामगार होते आणि 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवीत विलायती कापडाच्या ट्रकपुढे त्यांनी प्राण दिले.

त्याच बाबू गेनूंचे नाव आज एका जलाशयाला आहे. कुकडी प्रकल्पातले डिंभे धरण घोड नदीवर झाले आणि नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले ते जुने आंबेगावच बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे अवशेष उघडे पडतात. आमचे तळेघर उंचावर, म्हणून ते राहिले. खालच्या वाड्या-वस्त्यांपैकी काहींच्या वाटा पाण्यात गेल्या; शेजारच्या गावाला पायवाटेने जाणारी माणसे होडीने जाऊ लागली. माहीमला होडी होती तिथे पूल आला. आमच्याकडे पायवाट होती तिथे होडी आली.

पण धरणाचे पाणी वाया गेले नाही. ते खाली शिरूरपर्यंत आणि त्याहीपलीकडे दुष्काळी मुलखात गेले. ज्या शिवारात कुसळे उगवत होती तिथे ऊस आणि कांदा उभा राहिला. मुलांची शिक्षणे झाली, मुलींची लग्ने झाली. मी ती शेते पाहिली आहेत आणि मला ती पाहून आनंदच झाला आहे. धरण नको होते असे मी म्हणणार नाही.

तळेघरच्या स्टँडवर एकदा एक ऐंशीच्या घरातले बाबा माझ्याशेजारी एसटीची वाट पाहत बसले होते. त्यांची जमीन पाण्याखाली गेलेली. मी शाळेत शिकवलेला मनुष्य. बोलता बोलता धरणाचे फायदे सांगू लागलो. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “पानी खाली गेलं, कुनाचा ऊस झाला, कुनाचा कांदा झाला. झाला तर झाला, लोकं जगली. वाईट कशाला म्हनू? पर गुरुजी, जमीन मपली घेतली आन् भलं त्यांचं केलं. त्यांचं झालं म्हंजी मपलं फिटलं का?”

बाबांनी धरणाला शिव्या दिल्या नाहीत, खालच्या शेतकऱ्याचा हेवा केला नाही. त्यांनी मुनिमाचा प्रश्न विचारला: माझे खाते कुठे आहे? ‘शंभरांच्या भल्यासाठी दहांनी सोसायचे असते’ हे वाक्य आपण सभांतून नेहमी ऐकतो. त्यात शंभर आणि दहा हे जणू एकाच माणसाचे दोन खिसे आहेत असे गृहीत धरलेले असते. तसे ते नाहीत. शंभरांचे भले खरे आहे, आणि म्हणूनच त्या शंभरांवर आणि त्यांच्या वतीने काम करणाऱ्यांवर दहांचे देणे बसते. लाभ जितका मोठा तितकी ते फेडण्याची ऐपतही मोठी. आपण नेमके उलटे करतो: लाभ मोठा दाखवून देणे मिटले असे म्हणतो.

यावर कोणी विचारील की प्रत्येक देणे त्याच धन्याला फेडायचे म्हटले तर जे हयातच नाहीत त्यांचे काय करायचे? प्रश्न रास्त आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या आणि एक मोटार अंधारात नदीत गेल्या. चाळीसच्या आसपास माणसे गेली आणि काहींची प्रेतेही हाती लागली नाहीत. वर्ष उलटायच्या आत, जून 2017 मध्ये, तिथे नवा पूल खुला झाला. काम झपाट्याने झाले आणि ते करणाऱ्यांना शाबासकी द्यायलाच हवी. त्या पुलाने पुढच्या लाखो प्रवाशांचे भले केले. गेलेल्यांचे देणे मात्र त्याने फिटले नाही, फिटणारही नाही. काही देणी अशी असतात की ती फेडता येत नाहीत. फक्त बुडवता येतात किंवा वहीत उघडी ठेवता येतात. आपल्या हातात एवढीच निवड उरते, आणि ती लहान नाही. खाते उघडे असेल तर पुढच्या पावसाळ्याआधी दुसरा जुना पूल तपासायला कोणी जातो. खाते बंद झाले की तो जात नाही.

म्हणून माहीमच्या पुलावरची पाटी उतरवावी असे मला वाटत नाही. तिथे आवाबाईंचे नाव राहावे, टोल न घेण्याची त्यांची अट लिहावी, आणि पैसा कुठून आला तेही त्याच दगडावर लिहावे. वाचणाऱ्याला दोन्ही वाक्ये पेलतील. आपली माणसे आपल्याला वाटतात तितकी दुबळी नसतात.

मोठ्यांच्या गोष्टी झाल्या. दिवाळी घरातली असते. भाऊबीजेला बहीण ओवाळते आणि भाऊ तबकात भारी साडी ठेवतो. त्याच बहिणीने कधीतरी दुय्यम निबंधकापुढे हक्कसोडपत्रावर सही केलेली असते, कारण माहेर तुटू नये अशी तिची इच्छा असते. 2005 च्या दुरुस्तीने कायद्याने तिला मुलाइतकाच वाटा दिला आहे; सहीने तो तिच्या हातून जातो. साडी प्रेमाने दिलेली असते, यात मला शंका नाही. प्रेम प्रेमाच्या खात्यात पुरे जमा होते. वाट्याचे खाते निराळे आहे. तसेच आईबापांकडे वर्षभर न फिरकलेला मुलगा दिवाळीत अनाथाश्रमाला फराळ पाठवतो. तो फराळ त्या पोरांना गोडच लागतो आणि लागावा. पण गावी दाराशी बसलेली म्हातारी त्याने तृप्त होत नाही.

चांगले काम करताना कोणाचा हात थरथरावा, ‘आपले हात स्वच्छ नाहीत, मग कशाला द्या’ असे कोणाला वाटावे, यासाठी हे लिहिलेले नाही. द्यावे, भरपूर द्यावे, आवाबाईंनी दिले तसे मागे दोरी न ठेवता द्यावे. फक्त ज्याचे घेतले त्याला विसरण्यासाठी देऊ नये.

पेढीवरची नवी वही सुरू करताना ‘श्री’ काढून झाल्यावर मुनीम काय करतो, हे कधी पाहा. जुन्या वहीतली एकेका असामीची बाकी तो नव्या वहीत उतरवून घेतो, नावानिशी. त्याशिवाय नवे वर्ष सुरू झाले असे तो मानत नाही. यंदा पणत्या लावून झाल्यावर आपणही एखादे नाव असे उतरवून घ्यायला हरकत नाही. ते नाव कोणाचे, हे ज्याचे त्याला ठाऊक असते.